मेटा शब्दकोडी गटाने सोडवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गटात अधूनमधून नवी मंडळी येतात. कुणी पुण्याचे, कुणी डोंबिवलीचे, कुणी न्यू जर्सीत वीस वर्षे राहिलेले. पहिल्या पंधरवड्यात सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात आणि आम्ही तीच उत्तरे तुकड्यातुकड्यांनी देतो. म्हणून ती एकदा नीट लिहून काढली आहेत. सगळे वाचायला वेळ नसेल तर हिंटविषयीचा भाग तेवढा जरूर वाचा.

मेटा शब्दकोडे म्हणजे नेमके काय?

नेहमीच्या शब्दकोड्यात शेवटचे घर भरले की पेन खाली ठेवायचे. मेटामध्ये तिथे अर्धाच रस्ता झालेला असतो. कोड्यासोबत एक ओळ दिलेली असते : ‘या आठवड्याचे उत्तर म्हणजे एक पाच अक्षरी फळ’, अशा धर्तीची. हे फळ कुठल्याही क्लूमध्ये विचारलेले नसते. ते भरलेल्या ग्रिडमध्ये, क्लूंच्या शब्दांत किंवा शीर्षकाच्या आधाराने कुठेतरी दडवलेले असते. ते शोधायचे आणि मुदतीच्या आत पाठवायचे. बरोबर उत्तरांतून चिठ्ठी काढून विजेता ठरतो.

हा प्रकार मुख्यतः अमेरिकेत फुलला. मॅट गॅफनी या कोडेकाराने २००८ मध्ये आपली साप्ताहिक स्पर्धा सुरू केली. महिन्याचा पहिला आठवडा सोपा, मग चढत चढत चौथ्या किंवा पाचव्या आठवड्याला भल्याभल्यांची झोप उडेल असे कोडे, ही त्याची रीत. २०१५ मध्ये ‘द वॉल स्ट्रीट जर्नल’ने रोजचे शब्दकोडे सुरू केले आणि शुक्रवारचे कोडे स्पर्धेसाठी राखून ठेवले. आमचा गट प्रामुख्याने ही दोन कोडी सोडवतो.

एखादे उदाहरण द्या ना, असे वाचून डोळ्यांपुढे येत नाही.

इंग्रजी उदाहरण देण्यापेक्षा नव्या सभासदांसाठी मीच बनवलेले छोटे मराठी मेटा देते.

कोड्याचे शीर्षक : ‘अंगाशी आले’. प्रश्न : हे कोडे कसे आहे, ते तीन अक्षरांत सांगा. ग्रिड भरल्यावर वरून खाली तीन ठळक शब्द मिळतात : अपाय, यजमान, बगळा.

इथे थांबा आणि दोन मिनिटे स्वतः बघा.

‘अंगाशी येणे’ हा वाक्प्रचार आपण एखादी गोष्ट उलटल्यावर वापरतो. कोडेकार मात्र तो शब्दशः घ्यायला सांगतो आहे. अपायमध्ये ‘पाय’ आहे, यजमानमध्ये ‘मान’ आहे, बगळ्यात ‘गळा’ आहे. तिन्ही शरीराचे भाग, म्हणजे अंगे. आता प्रत्येक अंगाला अलीकडून चिकटून कोणते अक्षर ‘आले’ आहे? अपायमध्ये अ, यजमानमध्ये ज, बगळ्यात ब. उत्तर : अजब.

या उदाहरणात मेटाचे जवळजवळ सगळे व्याकरण आहे. शीर्षक दिशा दाखवते. ठळक शब्दांमध्ये काहीतरी समान असते. ते समान सापडले की अजून एक पायरी उरते, आणि तिथून अक्षरे मिळतात. शेवटी आलेला शब्द प्रश्नाला असा चपखल बसतो की शंका उरत नाही. शंका उरली असेल तर तुम्ही अजून पोचलेला नाहीत.

माझे इंग्रजी बरे आहे, पण अमेरिकन संदर्भ कळत नाहीत. जमेल का?

जमते, पहिले दोन महिने चिकाटी ठेवली तर. अमेरिकन ग्रिडची बांधणी आपल्या बाजूने असते. रोजचे ग्रिड पंधरा बाय पंधरा घरांचे, आणि त्यातले प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन शब्दांत येते. म्हणजे बेसबॉलपटूचे नाव माहीत नसले तरी उभ्या शब्दांतून ते आपोआप भरून येते. दोन अक्षरी शब्द चालत नाहीत, त्यामुळे तीन, चार, पाच अक्षरी तेच ते शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. ओरिओ बिस्किटाचे नाव तर इतके वेळा येते की ते खाल्ले नसले तरी ओळखीचे होते. स्वर भरपूर असलेले छोटे शब्द कोडेकारांना हवेच असतात. त्यामुळे राणी, राग, साडी, नान, आग्रा हे आपले शब्दही तिथे नेहमी दिसतात. आपल्याला ते विचार न करता येतात आणि बोस्टनच्या माणसाला अडवतात, तेव्हा हिशेब थोडा बरोबर होतो.

ज्यांना ब्रिटिश वळणाची क्रिप्टिक कोडी सोडवायची सवय आहे, त्यांनी एक लक्षात ठेवावे. क्रिप्टिकमध्ये प्रत्येक क्लू हीच एक छोटी गुंतागुंत असते. मेटामध्ये क्लू बहुधा सरळ असतात, सगळी गुंतागुंत शेवटी एकदम येते. आपल्याकडचे बरेच जण इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या क्रिप्टिकवर वाढले. २०१३ पासून भरणाऱ्या इंडियन क्रॉसवर्ड लीगमुळे त्यांना ऑनलाइन मैदानही मिळाले. या लोकांना अक्षरांशी खेळण्याची सवय असते, ती मेटामध्ये फार उपयोगी पडते. फक्त प्रत्येक क्लूकडे संशयाने बघायची खोड सोडावी लागते.

ग्रिड भरले. आता काय करू? मी नुसता बघत बसतो.

बघत बसणे हेच काम आहे, पण कशाकडे बघायचे याला क्रम असतो. आमच्या गटात जो क्रम रुळला आहे तो सांगते.

आधी ग्रिड बरोबर आहे याची खात्री करा. एक अक्षर चुकले तरी मेटा कायमचे बंद होऊ शकते, आणि चूक नेमकी कळीच्या घरात निघाल्याचा अनुभव प्रत्येकाला आहे.

मग शीर्षक. ते मोठ्याने म्हणा. त्याचा प्रत्येक शब्द नाम म्हणून, क्रियापद म्हणून, शब्दशः, वाक्प्रचार म्हणून वाचून बघा. शीर्षक उगाच दिलेले नसते.

मग सगळ्यात लांब शब्द. अमेरिकन ग्रिड अर्धा फेरा फिरवले तरी काळ्या घरांची नक्षी तीच राहते. त्यामुळे वरचा एखादा लांब शब्द विषयाचा असेल तर समोरासमोर खालचाही बहुधा विषयाचाच असतो. हे लांब शब्द एका कागदावर वेगळे लिहून काढा. स्क्रीनवर बघणे आणि हाताने लिहिणे यांत फरक पडतो, का पडतो ते मला सांगता येत नाही, पण पडतो. लिहिताना हात ‘य, ज,’ करून क्षणभर थांबतो आणि ‘मान’ वेगळे दिसते.

लांब शब्द गप्प बसले तर क्लू वाचा. एखादा क्लू विनाकारण लांबलचक किंवा आडवळणाचा वाटला तर तिथे कोडेकाराला काहीतरी करून घ्यायचे आहे. सोप्या शब्दाला विचित्र क्लू दिला असेल तर तो क्लू दुसऱ्या कुठल्या शब्दालाही लागू पडतो का ते बघा. हे तंत्र फार वापरले जाते : एका क्लूची दोन उत्तरे, एक त्या जागी बसते, दुसरे ग्रिडमध्येच दुसरीकडे आधीपासून बसलेले असते. मग त्या दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर घ्यायचे.

कधी क्लूंची पहिली अक्षरेच बोलतात. समजा क्लू असे आहेत : उन्हाळ्यातले आंबटगोड पेय. लग्नातला एक विधी. टेकडीहून उंच. वाघाची मावशी. चार महिन्यांचा व्रतकाळ. पन्हे, सप्तपदी, डोंगर, मांजर, चातुर्मास असे भरून तुम्ही पुढे जाता. क्लूंचीच सुरुवातीची अक्षरे वरून खाली वाचली असतीत तर ‘उलटे वाचा’ असा स्वच्छ निरोप मिळाला असता.

याशिवाय : एक अक्षर बदलून ग्रिडमधला दुसरा शब्द होतो का, लांब शब्दांत आकडा आहे का आणि त्या आकड्याच्या घरात काय आहे, एखादे अक्षर संपूर्ण ग्रिडमध्ये एकदाही आलेले नाही का, एखादे संशयास्पद प्रमाणात जास्त आले आहे का. हे सगळे रोज करून बघावे लागत नाही. काही महिन्यांनी नजरच ते करू लागते.

प्रश्नाची ओळही विसरू नका. ‘पाच अक्षरी’ म्हटले असेल आणि विषयाचे शब्द पाच असतील, तर प्रत्येकातून एक अक्षर मिळणार, हे जवळपास ठरलेले. शब्द चारच सापडले असतील तर पाचवा शोधा.

आपण चुकीच्या वाटेवर आहोत हे कसे ओळखायचे?

आपल्याकडे खेड्यापाड्यांत चकव्याच्या गोष्टी सांगतात. रात्री रानात चकवा लागला की माणूस तासन्‌तास चालतो आणि पुन्हा त्याच झाडापाशी येतो. मेटामधल्या फसव्या वाटेला आम्ही हाच शब्द वापरतो, कारण अनुभव तंतोतंत तोच असतो.

वरचेच उदाहरण घ्या. अपायचे शेवटचे अक्षर य. यजमानचे पहिले अक्षर य. साखळी! अंताक्षरी! मन लगेच उसळते. पण यजमान संपतो न वर आणि पुढचा शब्द आहे बगळा. इथे वाट संपली. खरी वाट अशी तिसऱ्या शब्दावर दगा देत नाही. ती सगळ्या शब्दांना सारखी लागू पडते, आणि शीर्षकाशी जुळते. साखळीचा ‘अंगाशी’ काही संबंध नव्हता.

म्हणून आमचा नियम : पाचपैकी तीन शब्दांना लागू पडणारी कल्पना ही कल्पना नव्हे, योगायोग आहे. इंग्रजीत छोटे शब्द कुठेही दडलेले सापडतात. बारा अक्षरी शब्दात एखादा प्राणी सापडला म्हणून हुरळून जाऊ नका. चांगले कोडेकार मुद्दाम खोटी वाट पेरत नाहीत, ती आपलेच मन तयार करते. आणि ‘आता फक्त ही एक गोष्ट जमवून घेतली की झाले’ असे वाक्य मनात आले की कागद उलटा ठेवून उठावे. मला बऱ्याचदा उत्तर भाजी निवडताना किंवा बसच्या रांगेत उभी असताना मिळाले आहे. ट्यूब पेटते ती कोड्यापासून नजर हटल्यावर.

गटाने सोडवणे म्हणजे फसवणूक नाही का?

हा प्रश्न प्रामाणिक माणसेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

कोडी एकत्र बसून सोडवण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९८१ पासून दर जानेवारीत मिस्टरी हंट होते. त्यात पूर्ण संघच्या संघ एकेका कोड्याला भिडतात आणि जिंकणाऱ्या संघाला पुढच्या वर्षीची कोडी रचावी लागतात. तिथे एकट्याने खेळणे अपेक्षितच नाही. साप्ताहिक मेटा मात्र एकेकट्याच्या नावाने पाठवायचे असते, तेव्हा सीमारेषा स्वतःची स्वतः आखावी लागते.

आमच्याकडे ती अशी आहे. प्रत्येकाने आधी एकट्याने झटायचे, निदान एक दिवस. त्यानंतर अडलात तर हिंट मागायची. उत्तर कुणी कुणाला सांगत नाही, मागतही नाही. ज्यांना एकाही हिंटशिवाय सोडवायचे असते ते तसे आधी सांगतात आणि त्यांच्यासमोर कुणी कोड्याचा विषय काढत नाही. ज्यांना पहिल्या तासापासून जोडीने सोडवायला आवडते, असे एक नवरा-बायको आमच्यात आहेत. ते दोघे मिळून एकच उत्तर पाठवतात. तेही आम्हाला पूर्ण मान्य आहे.

मग गट हवा कशाला? कारण शनिवारी रात्री, दोन दिवस एका ग्रिडकडे बघून झाल्यावर, ‘मीही अजून तिथेच आहे’ असे कुणीतरी म्हणणे याची किंमत मोठी असते. आणि सोमवारी, मुदत संपल्यावर, कोण कुठल्या चकव्यात किती वेळ फिरले हे ऐकण्यात जो आनंद आहे तो उत्तर मिळण्याच्या आनंदाइतकाच मोठा आहे. माझ्यापुरता तर अधिकच.

हिंट कशी मागायची आणि कशी द्यायची?

मागताना आपण कुठे आहोत ते आधी सांगा. ‘मला काहीच कळत नाही’ यावर कुणी मदत करू शकत नाही. ‘ग्रिड पूर्ण, तीन लांब शब्द काढले, शीर्षकाचा संबंध लागत नाही’ हे पुरेसे आहे. आपल्या कल्पना खासगीत एकालाच लिहा, सगळ्यांसमोर नको. तुमची चुकीची कल्पना दुसऱ्याला चकवा लावते आणि बरोबर असली तर त्याचा घास हिरावते.

देण्याची कला जास्त अवघड आहे. चांगली हिंट समोरच्याला अर्धे पाऊल पुढे नेते आणि बाकीचे पाऊल त्याच्यासाठी ठेवते. पुन्हा ‘अंगाशी आले’ घेऊ. कुणी अडले असेल तर पहिली हिंट : ‘शीर्षक शब्दशः घेतलेस का?’ एवढीच. त्यानंतर तासभर गेला तर : ‘आरशासमोर उभी राहा.’ तरीही नाही तर : ‘शब्दांच्या आत काहीतरी आहे, पहिल्या अक्षरानंतर बघ.’ याच्या पुढे जायचे नाही. ‘अवयव शोध आणि आधीचे अक्षर घे’ असे सांगितले की कोडे संपले. समोरच्याच्या हातात अजब हा शब्द पडतो, पण अजब वाटण्याचा क्षण तुम्ही घेतलेला असतो. तो परत देता येत नाही.

कल्पना बरोबर आहे का असे कुणी विचारले तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढे सांगावे, आणि ‘नाही’ लवकर सांगावे. चकव्यात फिरणाऱ्याला बाहेर काढणे ही सगळ्यात मोठी मदत असते आणि तिने काहीही फुटत नाही.

आणि मुदतीपूर्वी सगळ्यांसमोर उत्तर लिहायचे नाही. गमतीत नाही, पहिले अक्षरही नाही, उत्तराशी जुळणारे चित्रही नाही. परीक्षेचा पेपर फोडण्यासारखे ते आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा आनंदाच्या भरात ‘आता भूक लागली’ असे लिहिले होते आणि त्या आठवड्याचे उत्तर खाण्याचा पदार्थ होते. नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिका त्याच कोड्यावर दोन दिवस बसल्या होत्या. त्यांनी मला फोन करून शांतपणे सांगितले की त्या वाक्यावरून त्यांना उत्तर कळले आणि आता ते त्यांना पाठवायचे नाही. त्यांनी खरेच पाठवले नाही. त्यानंतर मी शनिवार-रविवारी कोड्याविषयी एकच वाक्य लिहिते : ‘सुटले.’

भारतातून सोडवताना वेळेचे गणित काय?

‘जर्नल’चे शुक्रवारचे कोडे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुरुवारी दुपारी चारला येते. आपल्याकडे तेव्हा शुक्रवारची पहाट असते : त्यांच्या उन्हाळी वेळेत रात्रीचा दीड, हिवाळ्यात अडीच. त्यासाठी जागू नका. मुदत तिकडच्या रविवारी मध्यरात्री संपते, म्हणजे आपल्या सोमवारी सकाळी साडेनऊला, हिवाळ्यात साडेदहाला. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे बदलतात तेव्हा दरवर्षी कुणीतरी तासाने चुकते. गॅफनीचे साप्ताहिक कोडे आपल्याकडे शुक्रवारी रात्री येते आणि मंगळवारी रात्रीपर्यंत वेळ असतो. नोकरदारांना हे जास्त सोयीचे.

मला झटपट सोडवता येत नाही. अडचण येईल का?

अजिबात नाही. घड्याळ लावून सोडवण्याच्या स्पर्धा हा वेगळा खेळ आहे. त्याला मोठा इतिहास आहे : लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने जानेवारी १९४२ मध्ये बारा मिनिटांच्या आत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि त्यात चमकलेल्या काहींना नंतर ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या युद्धकालीन केंद्रात जर्मन गुप्त संदेश उलगडण्याच्या कामाला बोलावणे आले. अमेरिकेत १९७८ पासून वेगाची राष्ट्रीय स्पर्धा भरते. मेटामध्ये तुमच्याकडे तीन-चार दिवस असतात. वीस मिनिटांत ग्रिड भरणारे लोक रविवारपर्यंत अडकून पडतात आणि दोन दिवस हळूहळू भरणाऱ्याला ते भरता भरताच दिसते, असे आम्ही नेहमी बघतो. हळू भरणारा प्रत्येक क्लू वाचतो. वेगाने भरणाऱ्याच्या अर्धे उभे क्लू नजरेखालून जातच नाहीत.

बक्षीस काय मिळते?

‘जर्नल’चा कॉफीचा मग. एवढेच. बरोबर उत्तरे शेकड्यांनी येतात आणि चिठ्ठीत एक नाव निघते. कोणत्या देशातले लोक बक्षिसाला पात्र आहेत हे प्रत्येक स्पर्धेच्या नियमांत लिहिलेले असते, ते वाचून घ्या. आमच्यापैकी कुणी मगासाठी सोडवत नाही. पण कुणाला मिळाला तर आम्ही सगळे त्याच्याकडे चहाला जाणार, हे ठरलेले आहे.

वडील म्हणतात शब्दकोडी स्पर्धा म्हणजे जुगार. त्यांना काय सांगू?

त्यांना आधी सांगा की त्यांचे म्हणणे हवेतले नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडे प्रवेश फी घेऊन चालणाऱ्या मोठ्या बक्षिसांच्या शब्दकोडी स्पर्धांचे पेव फुटले होते. त्यांतले क्लू असे असत की एकाच जागी दोन-तीन शब्द सारखेच शोभावेत. त्यांतला ‘बरोबर’ कोणता हे आयोजकाने आधीच ठरवून ठेवलेले असे. म्हणजे भाषा कितीही चांगली असली तरी शेवटी नशीबच. लोक एकाच कोड्याच्या अनेक प्रवेशिका भरत, कारण प्रत्येक पर्यायाला एक प्रवेशिका लागे.

हे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. मुंबई राज्याने १९४८ च्या कायद्याने अशा स्पर्धांवर कर आणि नियंत्रण आणले होते. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून शब्दकोडी स्पर्धा चालवणारे आर. एम. डी. चमारबागवाला यांनी त्याला आव्हान दिले. एप्रिल १९५७ मध्ये न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला : जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. त्याच वेळी केंद्राच्या १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्याचाही निकाल लागला. या कायद्याने महिन्याला एकूण एक हजार रुपयांहून अधिक बक्षीस देणाऱ्या स्पर्धांना बंदी घातली होती. न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला, पण एक महत्त्वाचा फरक केला : ज्यात यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते अशा स्पर्धा या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत.

मला हा फरक फार मोलाचा वाटतो, कारण तो चांगल्या कोड्याची व्याख्याच आहे. त्या जुन्या स्पर्धांत दोन शब्द सारखेच बरोबर असायचे. चांगल्या मेटामध्ये एकच उत्तर असते आणि ते सापडल्यावर तेच बरोबर आहे हे सोडवणाऱ्याला स्वतःलाच कळते, निकाल लागायच्या आधी. शिवाय उत्तर पाठवायला वेगळी फी नसते. हे सगळे वडिलांना सांगा आणि मग ‘अंगाशी आले’ त्यांच्यासमोर ठेवा. आमच्या घरी तेच केले होते.

उत्तर नक्की माहीत नाही, अंदाजाने पाठवू का?

पाठवा, नियमात बसते. अंदाजपंचे दाहोदरसे पाठवलेले उत्तर कधी बरोबरही निघते. फक्त गटात ‘सुटले’ म्हणू नका, ‘अंदाज पाठवला’ म्हणा. आम्ही हा भेद पाळतो. वाट न सापडता नुसते उत्तर सापडले असेल तर सोमवारची चर्चा आवर्जून ऐका, नाहीतर पुढच्या वेळी ते तंत्र समोर येऊनही ओळखू येणार नाही.

इंटरनेट, शब्दशोधक संकेतस्थळे, एआय यांचे काय?

ग्रिड भरताना एखाद्या अमेरिकन गावाचे नाव शोधणे यात आम्हाला काही गैर वाटत नाही. ‘वनलुक’सारख्या ठिकाणी रिकाम्या जागा देऊन शब्द शोधणेही ठीक. एआयला पूर्ण कोडे देऊन उत्तर मागणे मात्र आमच्या गटात चालत नाही. यावर वाद घालायला कुणी आले तर आम्ही घालत नाही. त्यांना दुसरा छंद शोधायला सांगतो.

कोडेकाराच्या नावाकडे लक्ष द्यावे का?

द्यावे. प्रत्येकाची चाल वेगळी असते आणि काही महिन्यांत ती ओळखीची होते. शिवाय नावही कोडे असू शकते. ‘जर्नल’मध्ये मरी केली (Marie Kelly) या नावाने येणारी कोडी त्यांचे संपादक माइक शेंक स्वतः रचतात. त्या नावातली दहा इंग्रजी अक्षरे फिरवून बघा, ‘रिअली माइक’ (Really Mike) होते : खरे तर माइकच.

मराठीत अशी कोडी का नाहीत?

छोटी का होईना, होऊ शकतात, हे वर बघितलेच. अडचण लिपीची आहे आणि ती मजेशीर आहे. इंग्रजीत एका घरात सव्वीसांपैकी एक अक्षर. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर सगळे एका घरात. ‘सातारा’त सात दडलेले आहेत असे कानाला वाटते, पण घरे मोजली की सा, ता, रा. ‘सात’ तिथे नाही. अक्षरे उलटसुलट करून नवा शब्द करणे त्यामुळे फार अवघड, आणि प्रत्येक अक्षर आडवे-उभे दोन्हीकडे बसेल असे दाट ग्रिड विणणे त्याहून अवघड. पण उलट बाजूने आपल्याकडे ‘नवजीवन’सारखे शब्द आहेत. घराघराने वाचला तर तो उलटसुलट सारखाच. हे सौंदर्य रोमन लिपीत लिहिले की नाहीसे होते. जीवर वेलांटी आहे हे कळायला देवनागरीच लागते.

गटातले तिघे जण सध्या आठ बाय आठचे मराठी मेटा रचायचा प्रयत्न करत आहेत. विषयाचे शब्द सुचतात, अडतात ते त्यांच्या मधले भरीचे शब्द. ज्यांच्याकडे जुने बोलीतले, शेतीतले, स्वयंपाकघरातले तीन अक्षरी शब्द असतील त्यांनी याद्या पाठवाव्यात. खूप गरज आहे.

मला गटात यायचे आहे. काही परीक्षा असते का?

परीक्षा नाही. हे छोटे कोडे मात्र सगळ्यांना देतो. शीर्षक : ‘मोजून घ्या’. वरून खाली ठळक शब्द : बरसात, लखनऊ, सदाचार. उत्तर तीन अक्षरी, अर्थ साधारण ‘दुबळा नसलेला’. घाई नाही. सुटले तर उत्तराबरोबर तिथे कसे पोचलात ते दोन ओळींत लिहा, आणि अडलात तर कुठे अडलात ते लिहा.